इतर सर्व पासपोर्ट

आईला विमानानं इंग्लंडला न्यायचं ठरलं, तेव्हा तिनं मला एकच प्रश्न विचारला. "विमानात संडास कसले असतात गं?"

मला हसू आलं. ती हसली नाही. आई नर्स होती. तिची सगळी नोकरी चंदगड तालुक्यातल्या उपकेंद्रांवर झाली. पावसाळ्यात तिकडे आठ-आठ दिवस ऊन दिसायचं नाही. एसटी चिखलात रुतली की तासन्‌तास रस्त्यात अडकायची आणि पुष्कळदा गाडीत हिच्याशिवाय दुसरी बाई नसायची. त्यामुळं प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाण्याला तोंड लावायचं नाही, ही तिची जुनी सवय. निवृत्त होऊन ती कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या आमच्या घरी राहायला आली तोवर तिला साखरेचा आजार जडला होता. रक्तदाबाची गोळी सुरू होती, आणि त्या गोळीनं सारखं लघवीला जावं लागायचं. आता पाणी न पिऊन भागणार नव्हतं.

"चांगले असतात," मी म्हटलं. तोवर मीही विमानात पाऊल ठेवलं नव्हतं.

माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. तो कोल्हापुरातच इंजिनिअर झाला, थोडे दिवस पुण्यात नोकरी केली आणि नव्वदीचं दशक संपता संपता कंप्युटरच्या कामावर इंग्लंडला गेला. तिथं त्याला नाशिककडची एक मुलगी भेटली. लग्नाला दोघं कोल्हापुरात आले आणि हळद उतरायच्या आत परत गेले. मग त्यांना मुलगी झाली. ती चालायला लागली, बोलायला लागली, तरी आईनं तिला फक्त फोटोत पाहिलं होतं. वडील मी कॉलेजात असतानाच गेले होते. घरात आम्ही दोघीच. मी एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायची. रविवारी भावाचा फोन आला की आई नातीला विचारायची, "जेवलीस का?" आणि तिकडून ती पोर इंग्रजीत काहीतरी सांगायची. आई माझ्याकडं बघायची. मी अर्थ सांगेपर्यंत पोर खेळायला पळालेली असायची.

शेवटी भावानंच हट्ट धरला. मे महिन्याच्या सुट्टीत मी आईला घेऊन यायचं. पासपोर्टसाठी पुण्याला दोन खेपा झाल्या, व्हिसासाठी मुंबईला एक. या सगळ्या रांगांत आई कुरकुर न करता उभी राहिली. रांग तिला नवी नव्हती. तिच्या उपकेंद्राबाहेर बायका कच्चीबच्ची घेऊन सकाळपासून उभ्या असायच्या. लहानपणी सुट्टीत मी तिच्याकडं राहायला जायची तेव्हा बघायची, दार उघडल्यावर आई आधी रांगेच्या शेवटापर्यंत चालत जायची. दिवस भरलेली बाई, तापानं फणफणलेलं मूल, काठी टेकलेली म्हातारी यांना दंडाला धरून पुढं आणायची. बाकीच्यांनी आवाज केला तर म्हणायची, "तुमचा नंबर कुठं पळून जात न्हाय. थांबा की जरा."

आईबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. तिचं माहेर शिरोळकडचं. तिच्या लहानपणी तिच्या आईला गावच्या आडाजवळ जायची मुभा नव्हती. घागर लांब ठेवायची आणि कुणीतरी येऊन वरून पाणी ओतेल म्हणून वाट बघत उभं राहायचं. कधी कुणी यायचं, कधी नाही. छप्पन साली माझ्या आजोबांनी घरादारासकट बौद्ध धम्म घेतला, तेव्हा आई दहा-बारा वर्षांची होती. त्यानंतर आजीनं पोरींना बजावून ठेवलं, अंगावरचं कापड स्वच्छ पाहिजे आणि मान वर पाहिजे. कुणाला बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. आईनं ते जन्मभर पाळलं. चंदगडच्या पावसातसुद्धा तिची नर्सची साडी पांढरीशुभ्र असायची. चुलीच्या धगीवर वाळवायची, पण डागाची साडी नेसून ती कधी दारात आली नाही.

निघायच्या दिवशी तिनं फिकट निळी सुती साडी नेसली, खळ घालून कडक इस्त्री केलेली. शेजारच्या मुसलमान काकूंनी नातीसाठी चिंध्यांची रंगीबेरंगी गोधडी शिवून दिली होती. ती आईनं स्वतःच्या हातपिशवीत ठेवली, सामानात टाकू दिली नाही. बसनं मुंबई गाठली, आणि दुपारी आम्ही विमानात बसलो.

विमानात आई एकदा उठली. संडासाचं ते घडीचं दार तिला उघडेना. मी उघडून दिलं, तर आत एवढीशी जागा बघून ती म्हणाली, "ह्यात माणूस फिरंल तरी का?" तरी एकदा जाऊन आली. नंतर पुन्हा जायची वेळ आली, तेव्हा वाटेत जेवणाच्या गाड्या आडव्या लागल्या होत्या. त्या निघून जातात तोवर पट्टे बांधा म्हणून घोषणा झाली. विमान खाली उतरायच्या आधी बराच वेळ ढगांत घिरट्या घालत राहिलं. आई खिडकीकडं तोंड करून बसली होती.

"जायचंय का?" मी विचारलं.

"उतरल्यावर जाईन की. आता काय आलंच."

उतरल्यावर लांबलचक बोळांतून चालत निघालो. वाटेत बायकांचं स्वच्छतागृह लागलं. पण आमच्याच विमानातल्या बायका तिथं दारापर्यंत उभ्या होत्या, आणि बाकीचे लोक आमच्या बाजूनं जवळजवळ पळत पुढं चालले होते. आईनं ते पाहिलं. "आधी नंबर धरू," ती म्हणाली. "हितं उभं ऱ्हायलो तर समदं विमान आपल्या म्होरं जाईल."

आम्ही त्या हॉलमध्ये शिरलो आणि मला धसका बसला. एवढा मोठा हॉल आणि तो माणसांनी भरून गेलेला. तीन-चार विमानं एकदमच उतरली असावीत. वर दोन पाट्या होत्या. एक युरोपातल्या लोकांसाठी. त्या बाजूला माणसं चालता चालता पासपोर्ट दाखवत आणि निघून जात. दुसरी पाटी होती, 'इतर सर्व पासपोर्ट'. त्या पाटीखाली पट्ट्यांची वेडीवाकडी वाट केलेली होती. रांग डावीकडं जायची, वळायची, उजवीकडं यायची, परत वळायची. पुढं खिडक्या भरपूर दिसत होत्या, पण माणूस बसलेल्या चारच.

"खिडक्या एवढ्या बांधल्यात," आई म्हणाली, "मग माणसं कुठं गेली?"

"चहाला गेली असतील."

"समदी एकदम?"

सुरुवातीला ती बोलत होती. रांग वळायची तशी तीच तीच माणसं समोरून जायची. एक गुजराती आजोबा होते, ते दर वळणाला आईला नमस्कार करायचे. आमच्या मागं आफ्रिकेतली एक उंच बाई होती. डोक्याला पिवळं कापड घट्ट बांधलेलं, खांद्यावर तसल्याच कापडाची मोठी ओढणी, हाताशी चार-पाच वर्षांची मुलगी. मुलगी कंटाळून खाली बसत होती आणि आई तिला उठवत होती. आमच्या आईनं पिशवीतली लिमलेटची गोळी काढून तिला दिली. मुलीनं आधी आपल्या आईकडं पाहिलं, मग गोळी घेतली आणि तोंडात न टाकता मुठीत धरून ठेवली.

थोड्या वेळानं आईला रांगेत एक पोटुशी बाई दिसली. तिचे पाय सुजलेले होते, ती सारखा एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती. आईनं तिथं उभ्या असलेल्या गणवेशातल्या बाईला हाक मारली. आईचं इंग्रजी दवाखान्यातलं, मोजकं. ती म्हणाली, "दिस लेडी, प्रेग्नंट. सेंड फर्स्ट."

ती गणवेशातली बाई हसली आणि म्हणाली की सगळे एकाच रांगेत आहेत.

"काय म्हणाली?" आईनं मला विचारलं.

मी सांगितलं.

"मग हिला कशाला उभी केलीया?" आई म्हणाली.

त्यानंतर ती बोलायची थांबली. मी घड्याळ बघायचं सोडून दिलं होतं, पण रांगेचे आणखी दोन फेरे होईपर्यंत ती गप्पच होती. मी तिच्याकडं पाहिलं तर कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले आणि एका हातानं पट्ट्याचा खांब धरलेला.

"आई, जायचंय का?"

तिनं नुसती मान हलवली.

मी त्या गणवेशातल्या बाईकडं गेले. मी इंग्रजी शिकवते, वर्गात पोरांची वाक्यं दुरुस्त करते, आणि त्या बाईपुढं माझं एक वाक्य धड पूर्ण होईना. माझी आई म्हातारी आहे, तिला साखर आहे, तिला लगेच जायला हवं, एवढं कसंबसं सांगितलं. ती म्हणाली, स्वच्छतागृह खिडक्यांच्या पलीकडं आहे, नाहीतर मागं बोळात. मागं जायचं असेल तर जा, पण मग परत शेवटून रांग धरावी लागेल. मी म्हटलं, मी इथं उभी राहते, तिला एकटीला जाऊन येऊ दे. तर म्हणाली, एकदा हॉलमधून बाहेर गेलं की त्या दारानं आत येणाऱ्यांना शेवटीच उभं करतात. मी म्हटलं, मग पुढं तरी सोडा. ती म्हणाली, इथं प्रत्येकाची काही ना काही अडचण आहे.

ती उर्मट नव्हती. दिवसभर हेच ऐकून ती थकलेली दिसत होती. पण त्या क्षणी मला तिचे केस धरून ओढावेसे वाटले.

मी परत आले आणि आईला म्हटलं, "चल, मागं जाऊ. राहू दे तो नंबर."

आईनं मागं पाहिलं. रांग आता हॉलच्या दाराबाहेर गेली होती. "येवढं चालवणार न्हाय मला," ती हळू म्हणाली. "हितनं हललं तर व्हईल. उभी ऱ्हातो तशीच. थोडंच ऱ्हायलंय आता."

गुजराती आजोबांना काय ते समजलं असावं. "बेन, आगे जाओ," म्हणून त्यांनी मधला पट्टा वर उचलून आम्हाला त्यांच्या पुढं घेतलं. मागची ती आफ्रिकेतली बाई मुलीला घेऊन आमच्या पाठोपाठ पुढं सरकली. आजोबांनी तिलाही जाऊ दिलं. पण त्यांच्या पुढं सुटाबुटातला एक तरुण होता. मी त्याला विनंती केली. तो वळलाही नाही, खांद्यावरून म्हणाला, "आम्हीही सगळे थांबलोय." आपल्याच देशाचा पासपोर्ट त्याच्या हातात होता.

खिडक्या अगदी समोर दिसू लागल्या होत्या. मध्ये सात-आठ माणसं उरली असतील. आईनं माझा दंड धरला. तिची बोटं इतकी रुतली की मी ओरडणार होते. मग बोटं एकदम सैल झाली. मी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. ती समोर बघत होती, मान ताठ ठेवून, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. फिकट निळी साडी कमरेखाली गडद होत चालली होती. खाली फरशीवर ओल पसरली.

मी काय करायला हवं होतं ते मला आज दहा प्रकारे सुचतं. तेव्हा एकही सुचलं नाही. मी तिच्यासमोर उभी राहिले, एवढंच.

ज्या बाईनं काहीतरी केलं ती आमच्या मागची होती. तिनं खांद्यावरची ओढणी ओढून काढली आणि आईच्या कमरेभोवती गुंडाळून बाजूला गाठ मारली. अनेक वर्षं हेच करत आल्यासारखी चटकन. लगेच पिशवीतली संत्र्याच्या रसाची बाटली काढली, झाकण दातानं उघडलं आणि सगळी बाटली आमच्या पायाशी ओतली. मग ती आपल्या लेकीवर मोठमोठ्यानं ओरडायला लागली. भाषा कळत नव्हती, पण अर्थ लहान मुलालाही कळला असता. काय केलंस हे, सगळं सांडलंस, बघ तुझ्यामुळं या आजीची साडी भिजली.

सगळ्यांनी वळून त्या पोरीकडं पाहिलं. पोरीनं रिकामी बाटली पाहिली, आपल्या आईकडं पाहिलं आणि भोकाड पसरलं. तिनं काहीच केलं नव्हतं. हुंदके देत देत ती बहुतेक हेच सांगत होती. सुटाबुटातला तरुण नाक मुरडून म्हणाला, "हद्द झाली." गणवेशातली बाई धावत आली, कुणीतरी पोछा आणला, पिवळी पाटी उभी केली. आईकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. त्या बाईनं आईच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि रडणाऱ्या लेकीला कडेवर उचलून घेतलं.

आमचा नंबर आला. खिडकीतल्या माणसानं आधी मला विचारलं, मग आईला. कशासाठी आलात, किती दिवस, खर्च कोण करणार, परत कधी जाणार. भावाचं पत्र दाखवलं. तो म्हणाला, हा तुमचा मुलगा कशावरून? आईनं ओढणीची गाठ एका हातानं धरून ठेवली होती. ती म्हणाली, "आय ॲम रिटायर्ड नर्स. आय केम टु सी माय ग्रँडडॉटर." आवाज जरासुद्धा कापला नाही. त्यानं आणखी थोडी पानं उलटली आणि शिक्का मारला.

पलीकडं स्वच्छतागृह होतं. मी सामानाच्या पट्ट्यावरून बॅग उचलून आणली, आईला दुसरी साडी दिली. आतून कितीतरी वेळ पाण्याचा आवाज येत होता. ती बाहेर आली तेव्हा केस विंचरलेले होते, ओढणी धुऊन पिळून हातात होती.

"दादाला सांगायचं न्हाय," ती म्हणाली. "कुणालाच सांगायचं न्हाय. शपथ घे."

मी घेतली.

"आता त्या बाईला ही दिऊन येऊ."

आम्ही सामानाच्या पट्ट्यांपाशी शोधलं, ती नव्हती. परत खिडक्यांकडं आलो तेव्हा ती दिसली. खिडक्यांच्या आतल्या अंगाला भिंतीशी एक बाक होता, त्यावर ती मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. दोन अधिकारी तिचा पासपोर्ट हातात घेऊन काही विचारत होते. ती मान हलवत होती. मुलगी रडून रडून झोपली होती. थोड्या वेळानं त्यांनी तिला उठवलं आणि शेजारच्या एका दारातून आत नेलं. आई पुढं झाली. तिथल्या रखवालदाराला म्हणाली, "शी इज गुड लेडी. व्हेरी गुड लेडी." तो म्हणाला, "मॅडम, इथं थांबता येणार नाही."

आम्ही थांबलो तरी. दार उघडायचं, कुणीतरी यायचं, पण ती आली नाही. दुसऱ्यांदा तो रखवालदार आला तेव्हा त्यानं आमची सामानाची गाडी स्वतःच ढकलून बाहेरच्या वाटेला लावली.

बाहेर भाऊ कातावून उभा होता. वहिनी गाडीत बसून होती, नात रडून झोपी गेली होती. "अगं, किती वेळ?" तो म्हणाला. "तुमच्या विमानातले लोक कधीच गेले." आई म्हणाली, "रांग लई होती रे बाबा." त्यानं वाकून नमस्कार केला, तेव्हा ती एक पाऊल मागं सरकली. त्याला ते लागलं असावं. अंगाला वास येत असेल म्हणून ती सरकली हे त्याला कुठून माहीत?

पुढचे पाच आठवडे वाईट गेले, असं म्हणवत नाही. नात आईला चिकटली. गोधडीवर बसून दोघी पत्ते मांडायच्या, आई मराठीत बोलायची आणि ती इंग्रजीत, आणि त्यांचं काही अडायचं नाही. पण आई घराबाहेर पडेना. भावानं रजा काढून सहली ठरवल्या होत्या. किल्ला बघायला जायचं, समुद्रावर जायचं. आई म्हणायची, "पाय दुखत्यात." बळंच नेलं तर सकाळपासून पाणी प्यायची नाही. एकदा चक्कर येऊन ती बागेतल्या बाकावर आडवी झाली. भाऊ घाबरला आणि घाबरला की तो चिडतो.

"आई, तुला इथं आवडत नाही का?"

"आवडतंय की."

"मग असं का करतेस? हिचं काही चुकलं का?"

वहिनी स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू गेलं. दुसऱ्या दिवसापासून ती आईशी जपून, तोलून बोलायला लागली. लग्नात आमच्याकडच्या कुणी काही टोमणे मारले होते ते तिला आठवले असणार. मी सगळं बघत होते. रात्री आईला म्हटलं, "सांगून टाक ना. तो तुझा मुलगा आहे."

"पोराला काय सांगू? तुझी आई हजार माणसांत मुतली म्हणून सांगू?"



एक गोष्ट मात्र ती रोज विचारायची, आणि ती तिच्या साडीची नव्हती. "त्या बाईला सोडलं असंल का गं? आपल्यापायी तर न्हाय ना धरली? रस सांडला म्हणून?" मी म्हणायची, नाही, कागदाचं काहीतरी असेल. "आणि ती पोर," आई म्हणायची. "फुकट बोलणी खाल्ली तिनं."

आम्ही कोल्हापूरला परत आलो. आईनं शेजाऱ्यांना विमान सांगितलं, ढग सांगितले, नातीच्या गमती सांगितल्या. दोन वर्षांनी वहिनीला पुन्हा दिवस गेले. भावाचा फोन आला, "आई, ये. या वेळी बाळंतपणाला तू पाहिजेस. तू एवढी नर्स." आई नाही म्हणाली. तो विनवत राहिला. ती कारण देईना. शेवटी तो म्हणाला, "चंदगडच्या परक्या बायकांची बाळंतपणं केलीस जन्मभर. माझ्या बायकोचं तेवढं करवत नाही तुला." आणि फोन ठेवला. आई रिसीव्हर हातात धरून उभी होती. मग तिनं तो पदरानं पुसला आणि जागेवर ठेवला.

त्यानंतर पुष्कळ दिवस रविवारचे फोन वहिनीचेच यायचे. भाऊ "आई बरी आहे ना" एवढं मला विचारायचा.

बाळ आठ महिन्यांचं झाल्यावर वहिनी दोन्ही मुलांना घेऊन एकटीच आली. भावाला रजा नव्हती. आली त्या दिवशी ती नुसती झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई मेथी निवडत बसली होती, वहिनी तिच्याजवळ बाळाला पाजत होती. मी डबा भरत होते. वहिनी एकदम म्हणाली, "आई, मुंबईला उतरल्यावर मी रांगेत रडले."

"का गं?"

"दोन तास उभी होते. हा भुकेनं किंचाळत होता, पाजायला बसायला जागा नाही. मोठी म्हणतेय, शू आली. पुढं सोडा म्हटलं तर कुणी हलेना. माझा कुर्ता पुढून सगळा भिजला, दुधानं. माणसं बघत होती. मी बाळ छातीशी धरून झाकत होते, आणि तो आणखीनच रडत होता." बोलता बोलता ती परत रडायला लागली. "तुम्हाला हसू येईल."

आईनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"माझी साडी भिजली हुती," ती म्हणाली.

वहिनीला कळेना. मग आईनं सगळं सांगितलं. विमान घिरट्या घालत होतं तिथपासून, ओढणी, संत्र्याचा रस, बाकावर बसलेली ती बाई. एकदाही न थांबता, केसपेपर लिहून घ्यावा तसं. मी दारात डबा घेऊन उभी होते आणि मला शाळेला उशीर होत होता. वहिनीनं बाळ मांडीवर तसंच ठेवून आईचा हात धरला. "मला वाटलं, मी तुम्हाला आवडले नाही," ती म्हणाली.

"येडी का काय तू," आई म्हणाली, आणि परत मेथीकडं वळली.

भावाला वहिनीनंच सांगितलं. त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. आईनं घेतला. नंतर मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "रडत हुता. म्हटलं, रडू नगं, कामावर असशील."

सगळं कळल्यावर तरी आई जाईल असं आम्हाला वाटलं होतं. भाऊ म्हणाला, चाकाची खुर्ची सांगतो, खुर्चीवाल्यांना रांग लागत नाही, थेट पुढं नेतात. आई म्हणाली, "मला चालता येतंय की. खुर्ची कशाला?" तो म्हणाला, अगं, नुसतं बसायचं. ती म्हणाली, "धडधाकट माणसानं लंगडं हुन बसायचं, तवा म्होरं सोडणार. न्हाय जमायचं मला." त्यावरून मी तिच्याशी भांडले. हा कसला ताठा, म्हणून ओरडले. ती ढिम्म हलली नाही.

ती परत कधीच गेली नाही. भाऊ वर्षाआड यायचा, दोन आठवडे राहायचा. नात मोठी होत गेली तशी आजीशी बोलताना लाजायला लागली. धाकट्याला तर आजी म्हणजे फोनमधला आवाज. मला राग येतो. तो आईचा, भावाचा, त्या सुटाबुटातल्या तरुणाचा, की रिकाम्या खिडक्यांचा, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

एकदा भाऊ परत जाताना आम्ही दोघी स्टँडवर गेलो होतो. गाडी हलायच्या वेळी तो खिडकीतून वाकून म्हणाला, "आई, पुढच्या मे महिन्यात ये गं. एकदा तरी."

"बघू की," आई म्हणाली.

गाडी वळून दिसेनाशी झाली. परत येताना आम्ही रिक्षा केली. मंडईपाशी आल्यावर तिनं रिक्षा थांबवायला सांगितली, उतरली, आणि वांगी बघायला लागली.